तुरुंगातली बाळंतपणे: मोजलेली मुले, न मोजलेल्या गर्भवती

३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे ४.१ टक्के. या स्त्रियांपैकी १,५३७ जणींची मुले त्यांच्यासोबत तुरुंगातच राहत होती. मुलांची संख्या १,७६४. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक तुरुंग सांख्यिकीत हा आकडा नेमाने छापला जातो. त्या दिवशी किती कैदी गरोदर होत्या, वर्षभरात किती बाळंत झाल्या, किती बाळे वजनाने कमी भरली, किती दगावली, याचा तक्ता मात्र त्या अहवालात नाही.

जे मोजले आहे ते आधी पाहू. १,५३७ मातांपैकी १,३१२ कच्च्या कैदी होत्या; त्यांचा खटला सुरू होता किंवा सुरू व्हायचा होता. हे प्रमाण ८५.४ टक्के. शिक्षा झालेल्या माता फक्त १९८. देशातल्या एकूण कैद्यांत कच्च्यांचे प्रमाण त्याच दिवशी ७५.८ टक्के होते. म्हणजे मुलासह तुरुंगात असलेली बाई निर्दोष सुटण्याची शक्यता अजून शिल्लक असलेल्या गटात असण्याचे प्रमाण सरसकट कैद्यापेक्षा जवळपास दहा टक्के-बिंदूंनी जास्त. हा एका वर्षाचा योगायोग नाही. २०१८ मध्ये हे दोन आकडे ७९.४ आणि ६९.४ होते, २०२१ मध्ये ८५.९ आणि ७७.१. दोन्ही रेषा वर सरकल्या, मधले अंतर जवळपास तेवढेच राहिले.

या अंतराचा एक भाग वयाच्या नियमातून येतो. मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच आईजवळ राहू शकते. जन्मठेपेची कैदी दहा वर्षे आत असेल तर तिचे मूल केव्हाच नातेवाइकांकडे किंवा बालगृहात गेलेले असते आणि ती या तक्त्यातून बाहेर पडते. लहान मुले असतात ती नुकत्याच आत आलेल्या बायकांची, आणि नुकत्याच आत आलेल्या बायका बहुतेक कच्च्या असतात. गरोदर बाई तर व्याख्येनेच नुकती आलेली असते, निदान बहुतांश वेळा. त्यामुळे गर्भवतींचा तक्ता उद्या निघालाच, तर त्यात कच्च्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या खाली असेल असे मानायला आधार नाही.

आता कल. २०२१ अखेर तुरुंगांत २२,९१८ स्त्रिया होत्या, २०२२ अखेर २३,७७२, वाढ ३.७ टक्के. त्याच वर्षात मुलांसह असलेल्या माता १,६५० वरून १,५३७ वर आल्या, घट ६.८ टक्के. मुले १,८६७ वरून १,७६४. बायका वाढल्या आणि मुले घटली. चार वर्षांच्या अंतरावर हे अधिक स्पष्ट दिसते. २०१८ मध्ये १९,२४२ स्त्रियांपैकी १,७३२ जणींसोबत मुले होती, म्हणजे दर शंभरात ९. २०२२ मध्ये दर शंभरात ६.५. स्त्री कैद्यांची संख्या या काळात २३.५ टक्क्यांनी वाढली, त्यांच्यासोबतची मुले ११.८ टक्क्यांनी कमी झाली. करोनाच्या वर्षी, २०२० अखेर, मातांचा आकडा १,४२७ पर्यंत उतरला होता, पुढच्या वर्षी वर गेला आणि परत खाली आला.

घट झाली म्हणजे चांगले झाले, असे या आकड्यावरून म्हणता येत नाही. न्यायालये लहान मुलांच्या आयांना लवकर जामीन देत असतील तरी हा आकडा घटेल. बायका मुलांना आजीकडे, मावशीकडे ठेवून एकट्याच आत जात असतील तरीही घटेल. बाळ अंगावर पिते आहे आणि आई दुसऱ्या जिल्ह्याच्या तुरुंगात आहे, ही अवस्था या तक्त्यात ‘मूल सोबत नाही’ एवढीच दिसते. दोन्ही कारणांचा परिणाम एकाच रकान्यात, एकाच दिशेने पडतो. आकड्याचा अर्थ लावायला दुसरा आकडा लागतो, आणि तो म्हणजे किती जणी गर्भवती असताना आत आल्या.

दुसरी अडचण तारखेची. ३१ डिसेंबरचा आकडा ही पासबुकातली वर्षअखेरची शिल्लक आहे. वर्षभरात किती आले-गेले ते तिच्यात दिसत नाही. फेब्रुवारीत गरोदर अवस्थेत आत आलेली, जूनमध्ये बाळंत झालेली आणि ऑक्टोबरमध्ये जामिनावर सुटलेली बाई या शिल्लकेत कुठेच नसते, तिचे बाळही नसते. हा फरक किती मोठा असू शकतो याचे मोजमाप अमेरिकेत झाले आहे. डॉ. कॅरोलिन सफ्रिन यांच्या गटाने २०१६-१७ मध्ये २२ राज्यांचे तुरुंग आणि संघराज्याचे तुरुंग यांतून एक वर्ष महिन्यामागून महिना नोंदी गोळा केल्या. नव्याने दाखल झालेल्या स्त्रियांपैकी ३.८ टक्के गर्भवती होत्या. डिसेंबर २०१६ मधल्या एका दिवसाची मोजणी केली तेव्हा मात्र आत असलेल्या सगळ्या स्त्रियांपैकी फक्त ०.६ टक्के गर्भवती निघाल्या. एकाच व्यवस्थेचे हे दोन आकडे, आणि त्यांच्यात सहापटींहून अधिक फरक. त्या वर्षात १,३९६ गर्भवती दाखल झाल्या, ७५३ जिवंत बाळे जन्मली, ४६ गर्भपात आपोआप झाले, ४ मृतजन्म झाले, ३ नवजात बाळे दगावली. प्रसूतींपैकी ३० टक्के सिझेरियन.

०.६ टक्के हे प्रमाण उसने घेऊन २३,७७२ ला लावले तर सुमारे १४० येतात. हा भारताचा आकडा नव्हे. अमेरिकेच्या त्या तुरुंगांत मुख्यतः शिक्षा झालेल्या बायका असतात आणि आपल्याकडे कच्च्या, म्हणजे नुकत्या दाखल झालेल्या, जास्त. त्यामुळे आपले प्रमाण वर असण्याचीच शक्यता अधिक. १४० कडे तळाचा अंदाज म्हणून पाहावे. एका दिवशी दीडशे-दोनशे गर्भवती असतील, तर वर्षभरात आत-बाहेर झालेल्या कितीतरी अधिक असणार.

भारतातल्या तुरुंगांतल्या बाळंतपणांचे आकडे अजिबात निघत नाहीत असे नाही. ते निघतात, पण कोणीतरी न्यायालयात गेल्यावर. २०२० च्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जामिया मिलिया इस्लामियाच्या एका गर्भवती संशोधक विद्यार्थिनीच्या जामिनाला विरोध करताना पोलिसांनी सांगितले की दिल्लीच्या तुरुंगांत गेल्या १० वर्षांत ३९ बाळंतपणे झाली आहेत. मुद्दा असा की गरोदरपण हे जामिनाचे कारण होऊ शकत नाही, कारण सोय आत आहे. ३९ ला १० ने भागले की वर्षाला चार येतात. ज्या प्रसूती खोलीत तीन महिन्यांतून एक बाई येते तिथल्या माणसांचा हात किती बसलेला असेल, हा प्रश्न त्याच आकड्यातून निघतो. आकडा मांडला होता सोयीचा पुरावा म्हणून. वाचला तर तो सरावाच्या अभावाचाही पुरावा आहे. त्या प्रकरणात जामीन मिळाला.

दुसरा आकडा पश्चिम बंगालचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर न्यायमित्राने मांडलेल्या टिपणात दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या: बायका कोठडीत असताना गरोदर राहत आहेत, आणि राज्यातल्या तुरुंगांत १९६ बाळे आहेत. दुसऱ्या दिवशी देशभर मथळे झाले ते जणू तुरुंगात गर्भ राहून १९६ बाळे जन्मल्याचे. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, आणि ज्येष्ठ वकील गौरव अग्रवाल यांनी तुरुंग प्रशासनाच्या माहितीवरून अहवाल दिला. चार वर्षांत राज्यातल्या तुरुंगांत ६२ बाळे जन्मली होती. बहुतेक माता आत आणल्या तेव्हाच गरोदर होत्या. काही जणी पॅरोलवर घरी जाऊन आल्यानंतर गरोदर राहिलेल्या होत्या. १९६ ही त्या घडीला आत राहणाऱ्या मुलांची संख्या, ६२ ही चार वर्षांतल्या जन्मांची. दोन्ही आकड्यांची जातच वेगळी. दरवर्षीच्या तक्त्यात दाखल गर्भवती आणि जन्म असे दोन रकाने असते तर हा घोळ एका दिवसात निस्तरला असता. वर्षाला १५-१६ जन्म ही माहिती चार वर्षे दप्तरात होती. ती बाहेर यायला एक खळबळ लागली.

तुरुंगाबाहेरच्या कोणत्याही नोंदीतून ही माहिती काढता येत नाही, आणि त्याचे कारण चांगले आहे. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी दिलेल्या निकालात सांगितले की तुरुंगात जन्मलेल्या बाळाची नोंद स्थानिक जन्मनोंदणी कार्यालयात व्हावी, पण जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव येऊ नये. फक्त त्या वस्तीचा पत्ता यावा. दाखला घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कपाळी तुरुंग लागू नये यासाठीची ही तरतूद. तिचा हिशेबी परिणाम असा की जन्मनोंदणीच्या आकडेवारीत ही बाळे इतरांत मिसळून जातात. त्यांना मोजू शकेल अशी जागा एकच उरते: तुरुंगाच्या दवाखान्याची नोंदवही.

ती वही आहे. निदान महाराष्ट्रात असायला हवी. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भायखळ्याच्या महिला तुरुंगातल्या परिस्थितीवरून स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत निकाल दिला. न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने म्हटले की गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय बाईचा, कैदी असली तरी तिचाच. म्हणून दाखल होणाऱ्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांची लघवीची गर्भचाचणी व्हावी आणि गर्भ राहिलेला आढळला तर कायदेशीर पर्याय तिला सांगितला जावा. चाचणी होते म्हणजे निकाल लिहिला जातो. निकाल लिहिला जातो म्हणजे महिनाअखेरीस बेरीज करता येते. ही बेरीज तुरुंग विभागाच्या पुण्याच्या मुख्यालयात आणि तिथून दिल्लीला जाण्यात खर्च काही नाही. लागतो तो छापील नमुन्यात एक ओळ वाढवणारा आदेश.

गर्भाचे दिवस आणि कायद्याचे दिवस शेजारी ठेवले की काही गोष्टी आपोआप दिसतात. गरोदरपण २८० दिवसांचे धरतात. आरोपपत्र दाखल करायची मुदत गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस; ९० दिवस म्हणजे गरोदरपणाचा ३२ टक्के काळ, एक पूर्ण तिमाही. अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात ही मुदत १८० दिवस, म्हणजे ६४ टक्के. अटकेच्या दिवशी दुसरा महिना लागलेली बाई आरोपपत्र यायच्या आत आठव्या महिन्यात पोचते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ जुलै २०२४ पासून लागू आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडावे, अशी त्यात सवलत आहे. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे. एक तृतीयांश म्हणजे बारा महिने. गरोदरपण नऊ महिन्यांचे. कमाल शिक्षा २७ महिन्यांहून जास्त असलेल्या कोणत्याही गुन्ह्यात ही सवलत बाळंतपणाच्या आत मिळत नाही, अगदी अटकेच्याच दिवशी गर्भ राहिला असे धरले तरी. स्त्री असणे हे जामिनाच्या विचारात घेण्याजोगे कारण म्हणून कायद्यात नमूद आहे. पण ते न्यायाधीशाच्या विवेकावर आहे, दिवस मोजून मिळणारे नाही.

त्यामुळे प्रश्न एकेका प्रकरणात सुटतो. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती ऊर्मिला जोशी-फलके यांनी गांजाच्या एका प्रकरणातल्या गर्भवतीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तिला एप्रिलमध्ये अटक झाली तेव्हा दुसरा महिना होता. अटक ते जामीन यांत सुमारे सात महिने गेले, म्हणजे जामीन मिळाला तो दिवस भरत आल्यावर. तुरुंगाच्या वातावरणात प्रसूती झाल्यास आईवर आणि बाळावर परिणाम होईल, हे न्यायालयाने मान्य केले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अनूप चितकारा यांनी जुलै २०२१ मध्ये याहून लांबचा पल्ला सुचवला होता: गरोदरपणभर आणि प्रसूतीनंतर एक वर्षापर्यंत जामीन. सहा महिने आणि बारा महिने यांतला फरक केवळ कागदावरचा नाही. सहा महिन्यांच्या जामिनाची मुदत संपते तेव्हा बाळाची उष्टावण झालेली किंवा व्हायची असते. अंगावरच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करायची हीच वेळ. आईला पुन्हा आत जायचे झाले तर ते वरचे अन्न तुरुंगाच्या भटारखान्यातून यायला हवे.

अन्नाचा हिशेब करता येतो. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत रोज ३५० उष्मांक जादा हवेत, आणि अखेरच्या तिमाहीत प्रथिने २२ ग्रॅम जादा. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ६०० उष्मांक जादा. ३५० उष्मांक म्हणजे ज्वारीच्या दोन लहान भाकऱ्या. त्या वाढणे सोपे. पण त्या दोन भाकऱ्यांतून प्रथिने मिळतात जेमतेम १० ग्रॅम. उरलेले १२ ग्रॅम भरायला एक अंडे आणि पेलाभर दूध रोज लागते. ‘गरोदर बंद्यांना जादा आहार’ या शब्दांचा खरा अर्थ त्या अंड्यात आणि पेल्यात आहे; भाकरीची चवड वाढवून तो भरत नाही. शिवाय वेळ. बराकी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, संध्याकाळचे जेवण त्याआधीच उरकलेले असते. तिथून सकाळच्या चहापर्यंतचा उपास बारा तासांचा. आठव्या महिन्यात पोटात एका वेळी फार मावत नाही, थोडे थोडे पण वारंवार खावे लागते. तुरुंगाचे घड्याळ नेमके याच्या उलट चालते.

ज्या बायका आत येतात त्या बाहेरून काय घेऊन येतात हेही पाहावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. त्याआधीच्या पाहणीत ५०.४ टक्के. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या माता २६ टक्के. किमान चार तपासण्या झालेल्या ५८.१ टक्के. हे मोकळ्या बायकांचे आकडे. या तपासणीच्या आकड्यापुढे तुरुंग जाऊ शकतो, निदान तत्त्वतः: बाई जागेवर आहे, तिचा पत्ता ठाऊक आहे, गोळी समोर गिळायला लावता येते. पण सोनोग्राफीला, रक्ताच्या काही तपासण्यांना बाहेरच्या रुग्णालयात न्यावे लागते, आणि त्यासाठी पोलीस गार्ड लागतो. गार्ड पोलीस मुख्यालयाकडून मिळतो. निवडणूक, सण, मंत्र्यांचा दौरा असला की तो मिळत नाही, आणि तपासणीची तारीख पुढे जाते. न्यायालयाची तारीखही अशीच पुढे जाते, पण खटला थांबू शकतो. गर्भ थांबत नाही.

इंग्लंडमध्ये ही गळती मोजली गेली. नफील्ड ट्रस्टच्या २०२० च्या अभ्यासानुसार गर्भवती कैद्यांच्या सुईणीकडच्या भेटींपैकी २२ टक्के चुकल्या. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण १४ टक्के. दर दहा प्रसूतींत एकीहून थोड्या अधिक प्रसूती रुग्णालयात पोचण्याआधी झाल्या. टक्केवारीमागे काय असते ते ब्रॉन्झफील्डच्या महिला तुरुंगात दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये अठरा वर्षांची एक कच्ची कैदी रात्री कोठडीत एकटीच बाळंत झाली. तिने मदतीची घंटा दोनदा वाजवली होती, कोणी आले नाही. बाळ गेले. तुरुंग लोकपालांचा चौकशी अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला, आणि कोठडीतले प्रत्येक गरोदरपण जोखमीचे धरायचे, हे तिथे धोरण ठरले. तिथल्या तुरुंगसेवेच्या वार्षिक आकडेवारीत आता कोठडीतल्या गर्भवतींचे आणि जन्मांचे आकडे येतात.

आपल्याकडे २००६ च्या निकालाने याहून आधी बरेच सांगून ठेवले आहे. गर्भवतीला ज्या तुरुंगात पाठवायचे तिथे प्रसूतीची आणि आधी-नंतरच्या देखभालीची किमान सोय आहे याची खात्री करूनच पाठवावे. शक्य तिथे प्रसूतीसाठी तात्पुरते सोडून बाहेरच्या रुग्णालयात जाऊ द्यावे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी असावी, ती शक्यतो तुरुंगाच्या भिंतीबाहेर. २०२१ मध्ये देशात केवळ स्त्रियांसाठीचे तुरुंग ३२ होते, १५ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून, क्षमता ६,७६७. त्या वर्षअखेरीच्या स्त्री कैदी २२,९१८. सगळे ३२ तुरुंग काठोकाठ भरले तरी ७० टक्के बायका पुरुषांच्या तुरुंगातल्या स्त्री विभागातच राहणार, जिथे दहा-पंधरा बायकांमागे एखादे मूल असते आणि एका मुलासाठी पाळणाघर कोणी काढत नाही. भायखळ्यासारख्या मोठ्या महिला तुरुंगात दुसरी अडचण: सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे करोना पसरला तेव्हा बाधित ३९ जणांत ६ मुले होती.

या सगळ्याच्या मध्यभागी तुरुंगाचा डॉक्टर. आदर्श तुरुंग नियमावली, २०१६ सांगते की ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर असावा. इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ नुसार प्रत्यक्षात ७७५ कैद्यांमागे एक आहे, आणि मंजूर जागांपैकी ४३ टक्के रिकाम्या आहेत. ५,७३,२२० कैद्यांना नियमाने १,९११ डॉक्टर लागतात; ७७५ च्या हिशेबाने ते भरतात सुमारे ७४०. स्त्रीरोगतज्ज्ञ किती हा प्रश्न त्याच्या पुढचा. २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांची संख्या १,३३० होती. प्रत्येकाला एक डॉक्टर वाटायचा म्हटले, तरी ५९० तुरुंगांच्या वाट्याला एकही येत नाही.